तोल सावरताना

आमच्या दादीचा दिवस पहाटे परसातल्या मोरीवर सुरू व्हायचा. तांब्याने पाणी घेऊन ती वजू करायची, ओल्या पायांनी दोन पायऱ्या चढून सोप्यात यायची आणि फजरच्या नमाजाला उभी राहायची. वय ऐंशीच्या पुढे गेलं होतं. पण वाकणं, सजद्यात जाणं, पुन्हा उठून उभं राहणं हे सगळं दिवसातून पाच वेळा बिनबोभाट चालायचं. १९९७ च्या पावसाळ्यात एका पहाटे ती त्या दुसऱ्या पायरीवरून घसरली. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. आठ दिवस शेकणं झालं, लेप झाले आणि दुखणं ओसरलं.

पण त्या दिवसापासून घरात एक नवा कायदा लागू झाला. दादीने उठायचं नाही. वजूचं पाणी खाटेपाशी येऊ लागलं. नमाज खाटेवर बसून होऊ लागली. चहा हातात, ताट हातात, पानाचा डबासुद्धा हातात. परसात जायचं तर दोन्ही बाजूंनी दोघींनी धरायचं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, घरातला शिकलेला नातू, त्यामुळे तोंड माझंच मोठं. ‘दादी, तू उठू नको. बसून राहा. आम्ही आहोत ना!’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन, याची गणतीच नाही. आणि ते मी प्रेमानंच म्हणत होतो.

दादीने आमचं ऐकलं. सहा महिन्यांत तिच्या पोटऱ्या वाळल्या. पुढच्या उन्हाळ्यात खाटेवरून उतरताना ती पुन्हा पडली. या वेळी खुब्याचं हाड मोडलं, आणि पावसाळा लागायच्या आत ती गेली. पडण्याचं निमित्त झालं, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो.

पुढे बऱ्याच वर्षांनी, माझी अम्मी सत्तरीच्या पुढे गेली तेव्हा, मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. वाचता वाचता एक गोष्ट समोर आली आणि पुस्तक मिटून स्वस्थ बसावं लागलं. ज्या वर्षी मी दादीला ‘बसून राहा’ म्हणत होतो, त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या डनेडिन या शहरातल्या संशोधकांनी एक अहवाल प्रसिद्ध केला होता. तिथे ऐंशी वर्षांवरच्या बायकांना घरी जाऊन सांगितलं गेलं होतं, ‘उठा, उभ्या राहा, टाचा उचला.’ आणि त्या बायका कमी पडल्या होत्या. ही गोष्ट कशी घडत गेली, ते आज सांगायचं आहे.

म्हातारपण आणि पडणं ही जोडी माणसाने फार जुन्या काळापासून गृहीत धरलेली आहे. ‘आता वय झालं’ या तीन शब्दांत आपण तो विषय संपवतो. वैद्यकशास्त्रानंही बराच काळ वेगळं काही केलं नाही. डॉक्टरांना मोडलेल्या हाडात रस होता, ते हाड मोडण्याआधी काय घडलं याच्यात फारसा नव्हता. आणि म्हाताऱ्या माणसावरचा ठरलेला उपचार होता विश्रांती. अंथरुणात पडून राहा, खुर्चीत बसून राहा.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो एका इंग्रज डॉक्टरबाईंनी. त्यांचं नाव मार्जोरी वॉरेन. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलला शेजारच्या वर्कहाऊसचे वॉर्ड जोडण्यात आले. वर्कहाऊस म्हणजे निराधारांचा आसरा. त्या वॉर्डांत सातशेहून अधिक रुग्ण होते. अनेक जण वर्षानुवर्षं खाटेवरच होते, कारण त्यांना कुणी उठवलंच नव्हतं. वॉरेनबाईंनी प्रत्येकाला नीट तपासलं आणि ज्यांना उठवता येईल त्यांना उठवायला, चालवायला सुरुवात केली. बरीच माणसं उभी राहिली, काही तर घरी गेली. वृद्धांच्या वैद्यकाची सुरुवात इथून मानतात. पुढे १९४७ साली रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला. त्याचा विषयच होता अंथरुणात पडून राहण्याचे धोके. सांधे आखडतात, स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, माणूस मनानेही खचतो. ज्याला आपण आराम म्हणत होतो, त्याची ही बिलं होती.

पण माणूस पडतो का, हा प्रश्न अजून कुणी नीट विचारला नव्हता. तो विचारला जोसेफ शेल्डन यांनी. हे बर्मिंगहॅमजवळच्या वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या गावातले डॉक्टर. म्हातारी माणसं दवाखान्यात येतील तेव्हा त्यांना पाहायचं, ही रीत सोडून त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर गावातल्या वृद्धांची त्यांच्या घरी पाहणी केली आणि १९४८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. कोण कसं राहतं, जिन्यावरून कसं उतरतं, बाहेर जायला घाबरतं का, हे सगळं त्यात आलं. मग १९६० साली त्यांनी आणखी एक काम प्रसिद्ध केलं. २०२ माणसांच्या ५०० पडण्यांचा त्यांनी हिशेब मांडला. कोण जिन्यावर पडलं, कोण अडखळलं, कोण मान वर करून पाहताना पडलं, कुणाचे पाय अचानक गेले. साधारण एक तृतीयांश पडणी निसरडी जागा, अंधार, चुकलेली पायरी अशा उघड अपघाताची निघाली. बाकीच्यांचं कारण माणसाच्या शरीरातच शोधायला हवं होतं.

शेल्डन यांनी पुढे आणखी एक सुंदर गोष्ट दाखवली. आपण अगदी स्थिर उभे आहोत असं आपल्याला वाटतं, तेव्हाही आपलं शरीर बारीकसं झुलत असतं. तो झोक त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांत मोजला. लहान मुलं जास्त झुलतात, मधल्या वयात झोक कमी होतो आणि म्हातारपणी तो पुन्हा वाढतो. म्हणजे तोल ही काही एकदा मिळाली आणि कायमची राहिली अशी वस्तू नाही. डोळे, कानाच्या आतला भाग, तळपाय आणि स्नायू मिळून तो क्षणाक्षणाला सावरत असतात. आपल्या मराठीत ‘तोल सावरणं’ म्हणतात ते शास्त्राच्या दृष्टीनेही अगदी बरोबर आहे. तोल सारखा सावरावा लागतो, आणि जे करावं लागतं त्याचा सराव राहिला नाही की ते विसरतं.

पडण्यापेक्षा पडून राहणं किती वाईट, हे १९८१ साली बर्मिंगहॅममधून कळलं. तिथे बर्नार्ड आयझॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी पडलेल्या वृद्धांचा पाठपुरावा केला. पडल्यानंतर तासाहून अधिक वेळ जमिनीवरच पडून राहिलेल्यांपैकी निम्मी माणसं सहा महिन्यांत दगावली होती. ज्यांना फारशी इजा झाली नव्हती, त्यांचाही त्यात समावेश होता. उठता न येणं हेच एक मोठं दुखणं होतं.

मग अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉ. मेरी टिनेटी यांनी न्यू हेवन भागात स्वतःच्या घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या ३३६ माणसांवर वर्षभर लक्ष ठेवलं. १९८८ साली त्याचे निष्कर्ष आले. वर्षभरात त्यांतले ३२ टक्के, म्हणजे जवळजवळ तीनातला एक जण, निदान एकदा तरी पडला होता. कोण पडलं? झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्या घेणारे, पायांत जोर नसलेले, चालण्यात आणि तोलात बिघाड असलेले, पावलांना त्रास असलेले, स्मरणशक्ती ढासळलेले. ज्याच्याकडे यांपैकी एकही कारण नव्हतं, त्याची पडण्याची शक्यता ८ टक्के. ज्याच्याकडे चार किंवा अधिक होती, त्याची ७८ टक्के. याचा अर्थ फार मोठा होता. पडणं ही कपाळावर लिहिलेली गोष्ट राहिली नाही. ती कारणांची बेरीज ठरली, आणि बेरजेतली एकेक रक्कम कमी करता येते.

पण म्हाताऱ्या पायांत पुन्हा जोर येतो का? इथे सगळ्यांना शंका होती. तिचं उत्तर १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातून आलं. डॉ. मारिया फियातारोन यांनी ८६ ते ९६ वर्षांची दहा माणसं निवडली आणि त्यांच्याकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. हलकं, दाखवण्यापुरतं वजन नव्हे, चांगलं जोर लावावा लागेल असं. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी चालताना काठी सोडली. नव्वदीतला माणूस! आपल्याकडे या वयाच्या माणसाला पाण्याचा तांब्यादेखील उचलू देत नाहीत.

आता पुढचा प्रश्न होता रोजच्या जगण्याचा. बॉस्टनची माणसं आश्रमात होती, शिकवायला तज्ज्ञ होते. गावात, गल्लीत, स्वतःच्या घरात राहणाऱ्या लाखो वृद्धांचं काय? अमेरिकेत अटलांटा शहरात एक वाट सापडली. चिनी लोकांचा ताई ची हा अतिशय संथ व्यायाम. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचं, गुडघे किंचित वाकवायचे, धड वळवायचं, सगळं पाण्यात चालल्यासारखं सावकाश. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तरीच्या पुढची २०० माणसं होती. पंधरा आठवडे ताई ची केलेल्यांत पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. एका परंपरेने चौकात, बागेत जपलेली गोष्ट प्रयोगात उतरली आणि खरी ठरली.

आणि मग १९९७, डनेडिन. ओटागो विद्यापीठातले जॉन कॅम्बेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशी आणि त्यापुढच्या २३३ बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाकडे फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी गेली. प्रत्येकीच्या ताकदीप्रमाणे व्यायाम ठरवून दिले. घोट्याला वजनाची पट्टी बांधून पाय उचलणं, टाचा उचलणं, चवड्यांवर आणि टाचांवर चालणं, आडवं चालणं, उलटं चालणं, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत जाणं, हात न टेकता खुर्चीवरून उठणं. आठवड्यातून तीन वेळा अर्धा अर्धा तास, शिवाय थोडं चालणं. दुसऱ्या गटाकडेही कुणीतरी भेटायला, गप्पा मारायला जात होतं. वर्षाअखेरीस मोजदाद झाली. दुसऱ्या गटात १५२ वेळा पडणं झालं होतं, व्यायामाच्या गटात ८८ वेळा.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा त्या ८८ आणि १५२ मधल्या फरकात मला आमची दादी दिसली. त्या बायका तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनाही घरी प्रेम करणारी माणसं असतील. फरक इतकाच की त्यांच्या दारावर येणाऱ्या माणसाने त्यांना खुर्चीच्या पाठीला धरून उभं राहायला सांगितलं.

डनेडिनकरांनी तिथेच थांबणं सोडलं. फिजिओथेरपिस्ट सगळीकडे कुठून आणणार, हा व्यवहाराचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी घरोघर जाणाऱ्या परिचारिकेला हे व्यायाम शिकवायचं प्रशिक्षण दिलं. २००१ साली त्याचा निकाल आला. पंचाहत्तरीच्या पुढच्या २४० जणांच्या या अभ्यासात व्यायाम करणाऱ्यांचं पडणं ४६ टक्क्यांनी कमी झालं होतं. म्हणजे मोठी डिग्री नसलेलं, पण नीट शिकवलेलं माणूस हे काम करू शकतं. न्यूझीलंडमध्ये अपघाताच्या भरपाईसाठी एक सरकारी महामंडळ आहे. हाडं मोडल्यावर भरपाई देण्यापेक्षा ती मोडण्याआधी खर्च करणं परवडतं, हा हिशेब त्यांना पटला आणि हे व्यायाम देशभर पोचवायला त्यांनी पैसा लावला.

या इतिहासात अपयशाचीही एक नोंद आहे आणि ती सांगायला हवी. ज्यांची दृष्टी फार अधू झाली आहे अशा ३९१ वृद्धांचा अभ्यास याच मंडळींनी २००५ साली प्रसिद्ध केला. तिथे व्यायामाचा हवा तसा उपयोग दिसला नाही. उपयोग झाला तो घर सुरक्षित करण्याचा. कुणीतरी जाणतं माणूस घरी गेलं, निसरड्या सतरंज्या हलवल्या, दिवे लावले, कठडे बसवले, त्याने पडणं कमी झालं. सगळ्यांना एकच औषध चालत नाही, हे शास्त्र स्वतःच सांगत होतं.

आता जपानकडे जाऊ, कारण सांघिक व्यायामाची परंपरा तिथे जुनी आहे आणि तिचं रेडिओशी नातं आहे. तिथे १९२८ साली नभोवाणीवरून व्यायाम सुरू झाले. ठरावीक वेळी पियानो वाजतो, निवेदक आकडे मोजतो आणि अंगणात, शाळेत, कारखान्यात माणसं हात उंचावतात. महायुद्धानंतर हा कार्यक्रम बंद पडला आणि १९५१ साली नव्या रूपात परत आला. रेडिओसमोर माणसं नुसती बसतात असं नाही, उभीही राहतात, हे सांगायला आजच्यासारखी दुसरी जागा नाही.

याच जपानमध्ये शिकोकू बेटावर कोची नावाचं शहर आहे. आपल्या केरळातलं नव्हे. तिथे २००२ साली नगरपालिकेने ‘चैतन्याने शंभरीपर्यंत’ अशा अर्थाच्या नावाचा व्यायाम सुरू केला. मनगटाला आणि घोट्याला एक पट्टी बांधायची. तिच्यात बारीक वजनं घालता-काढता येतात, शून्यापासून २.२ किलोपर्यंत, दहा पायऱ्यांनी. खुर्चीत बसून हात-पाय सावकाश उचलायचे, खुर्चीवरून उठायचं, बसायचं. साधारण अर्धा तास. पण त्यातली खरी गंमत व्यवस्थेत होती. पालिकेने शिकवायचं आणि मग चालवायचं लोकांनीच. गल्लीतली सभागृहं, मोकळ्या खोल्या, तिथे शेजारीपाजारी जमणार, खुर्च्या मांडणार, एकमेकांची वजनं बांधणार. जो आला नाही त्याची चौकशी करायला कुणीतरी जाणार. हा उपक्रम पुढे जपानभर शेकडो नगरपालिकांत पसरला.

या सगळ्या प्रयोगांची एकत्र छाननी २०१९ साली झाली. सिडनीच्या कॅथरीन शेरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ देशांतले १०८ अभ्यास एकत्र केले. त्यांत २३,४०७ माणसं होती. निष्कर्ष असा की घरी राहणाऱ्या वृद्धांनी व्यायाम केला तर पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं. सगळ्यांत भरवशाचे ठरले ते तोल आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम, म्हणजे उभं राहून, वजन इकडून तिकडे नेत, थोडा तोल जाईल-जाईल असं वाटायला लावणारे. आणि एक गोष्ट आपल्या कामाची. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असा पुरावा या छाननीत मिळाला नाही. चालणं हृदयाला, मनाला, साखरेला चांगलंच आहे, ते सोडू नका. पण ‘मी रोज सकाळी फिरायला जातो, मला काय होणार?’ हे समाधान अपुरं आहे. सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाची परीक्षा फारशी होत नाही. ती होते मोरीच्या उंबऱ्याशी, एसटीच्या पायरीवर, अंधारात लाइटचं बटण शोधताना.

हा विषय छोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडण्याने मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर दुसरा क्रमांक पडण्याचा आहे. रस्त्यावरच्या अपघाताची बातमी होते. मोरीत पडलेल्या आजीची होत नाही.

आपल्याकडे काय आहे? खरं तर बरंच आहे. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. वाचनालयाच्या पायऱ्यांवर, देवळाच्या पारावर, दर्ग्याच्या ओट्यावर रोज ठरलेल्या वेळी माणसं जमतात. १९९५ साली मुंबईत पाच माणसांनी मिळून पहिला हास्यक्लब सुरू केला आणि बघता बघता बागाबागांतून पहाटे हसण्याचे आवाज येऊ लागले. म्हणजे म्हातारी माणसं एकत्र येऊन हात वर करायला लाजत नाहीत, हे आपण सिद्ध करून दाखवलं आहे. त्या अर्ध्या तासात दहा मिनिटं पायांसाठी काढायची आहेत. आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, बाळाचं वजन करतात. न्यूझीलंडच्या परिचारिकेने जे केलं, ते नीट शिकवलं आणि त्याचा मोबदला दिला तर आपल्या गावातलं माणूसही करू शकेल.

आणखी एक ठेवा आपल्याकडे होता, जमिनीवर बसण्या-उठण्याचा. पाटावर जेवणं, खाली बसून भाजी निवडणं, आरतीनंतरचा नमस्कार, नमाजातला सजदा. मशिदीत हल्ली कडेला खुर्च्यांची रांग दिसते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना धर्मानेच ती सवलत दिली आहे, तिच्याबद्दल बोलण्याचा अधिकार कुणाला नाही. मला एवढंच वाटतं, ज्यांना अजून उठता-बसता येतं त्यांची ती सवय घरच्यांनी प्रेमापोटी घाईने मोडू नये. आम्ही दादीची मोडली.

करायचं काय, तेही सांगतो, कारण ऐकून घरी बसण्यात अर्थ नाही. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची घ्या, प्लास्टिकची हलकी नको. तिच्या पाठीला धरून टाचा उचला, दहा वेळा. मग टाचांवर भार ठेवून चवडे उचला. एक पाऊल दुसऱ्यापुढे ठेवून दहा सेकंद उभे राहा. ओट्याची कड धरून आडवे चाला. खुर्चीवरून हात न टेकता उठा, जमेल तितक्या वेळा. सुरुवातीला शेजारी कुणीतरी हवंच. ज्यांना चक्कर येते, छातीत दुखतं, ज्यांचं हाड नुकतंच मोडलं होतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या खरंच लागतात का, हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. मोरीत धरायला दांडी बसवा, रात्री एक दिवा राहू द्या. आणि हे महिनाभर करून सोडू नका. सोडलं की पाय विसरतात.

आमच्या घरी अम्मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. संध्याकाळी शेजारच्या दोन काकू येतात. तिघी ओट्याची कड धरून उभ्या राहतात आणि टाचा उचलतात. मोजायचं काम अम्मीकडे. दहाच्या जागी कधी आठच मोजते आणि पकडली गेली की हसते. व्यायाम दहा मिनिटं, गप्पा पाऊण तास. त्या गप्पा नसत्या तर व्यायामही केव्हाच सुटला असता.

गेल्या पावसाळ्यात अम्मी पडलीच. व्यायामाने पडणं कमी होतं, संपत नाही. अंगणात शेवाळावरून पाय सरकला. मी धावत बाहेर गेलो, तोवर ती एका गुडघ्यावर आली होती. पायरीला धरून ती स्वतः उठली, साडी झटकली आणि म्हणाली, ‘काही नाही झालं.’ मी तिला आत आणलं, हाडं चाचपली, पाणी दिलं. आणि माझ्या जिभेवर ते जुनं वाक्य आलं, ‘अम्मी, आता बसून राहा.’

मी ते गिळलं. संध्याकाळी काकू आल्या तेव्हा तिघींसाठी ओट्यासमोरची जागा मोकळी करून दिली, आणि सकाळी खराटा घेऊन अंगणातलं शेवाळ खरवडून काढलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)